भंडारी यांचे रोप, एक

खालापूरला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात येणारा माणूस काउंटरवरचं पेन उचलतो, सही करतो आणि पेन स्वतःच्या खिशाला लावून निघून जातो. त्यात चोरीचा हेतू नसतो, हाताची सवय असते. माझी किती पेनं अशी तालुकाभर फिरताहेत देव जाणे. इतक्या वर्षांत एकच माणूस असा भेटला जो पेन उचलण्याआधी मला दाखवायचा. "निळं पेन, टोपण नसलेलं, ताब्यात घेतलं गं बाय," असं म्हणून सही करायचा आणि मग पेन माझ्या हातात ठेवून "ताबा दिला" म्हणायचा. मी "हं" म्हणेपर्यंत हात मागे घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, डोक्याचा एखादा स्क्रू सैल असावा. तिसऱ्या दिवसापासून मी मुकाट्याने "हं" म्हणायला लागले.

हे लोधिवलीचे यशवंत सोनावळे. गावात त्यांना बोटवाले नाना म्हणत. उंच, वाळके, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला आणि काखेत प्लास्टिकची फाइल. आवाज असा की दुकानात कुजबुजले तरी पलीकडच्या वडापाववाल्याला ऐकू जावं. गोदीतल्या यंत्रांच्या गोंगाटात तरुणपण गेलेलं, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. दुकानात आले की आधी "जय भीम, बाय" आणि लगेच "आज वीज हाय का?" हे दोन्ही एका दमात.

ताबा हा नानांचा शब्द. बाकीची माणसं वस्तू घेतात, देतात, उसनी आणतात, विसरतात. नाना वस्तू ताब्यात घेत आणि ताबा देत. गावातल्या विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. लग्नकार्याला विहारातली सतरंजी, पातेली, डाव कुणीही न्यावं, पण नाना प्रत्येक वस्तू पालथी करून दाखवणार, कुठे पोचा आहे ते बोट ठेवून सांगणार आणि परत येताना त्याच पोच्यावर पुन्हा बोट ठेवणार. एकदा पळसदरीच्या वऱ्हाडाबरोबर चुकून विहाराचा एक डाव गेला. नाना दुसऱ्या दिवशी एसटीने आणि मग पायी नवरदेवाच्या घरी हजर. पळसदरी माझं माहेर, म्हणून ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी कळली. त्या घरच्यांना वाटलं, मुलीकडचे कुणी वडीलधारे रुसवा काढायला आले. त्यांनी नानांना पाटावर बसवलं, गोडधोड वाढलं, नव्या जोडप्याने पाया पडून घेतलं. नानांनी पोटभर जेवून मनापासून आशीर्वाद दिला आणि हात धुतल्यावर म्हणाले, "आता डाव द्या."

बोटवाले हे नाव पडलं त्याचं कारण एकाहत्तरची लढाई. आपल्या नौदलाने शत्रूचं एक व्यापारी जहाज भर समुद्रात धरून मुंबईच्या बंदरात आणलं तेव्हा नाना चोविशीचे होते आणि गोदीत सरकारी वॉचमन होते. त्यांची नेमणूक त्या जहाजावर झाली. आता एवढं कळल्यावर माणसं साहजिकच तोफा आणि धूर ऐकायला मिळेल म्हणून त्यांच्याभोवती बसायची. नाना सांगायचे ते पितळ कसं घासलं त्याची गोष्ट. निम्मी मंडळी कंटाळून उठून जायची. मी मात्र खुर्चीला बांधलेली, त्यामुळे मला ती पूर्ण ऐकावी लागली आणि हळूहळू आवडायला लागली.

गोष्ट अशी, की जहाज पकडायला एक दिवस पुरतो, पण पकडलेल्या जहाजाचं काय करायचं हे ठरायला ऋतूमागून ऋतू जातात. धरून आणलं म्हणजे ते लगेच सरकारचं होत नाही. कोर्टात जायचं, कोर्टाने कागद बघायचे, हे खरंच शत्रूचं होतं का, पोटातला माल कुणाचा, सगळं तपासायचं आणि मग सांगायचं की आजपासून हे सरकारचं. "तवर नुसता ताबा गं बाय," नाना सांगायचे, "ताबा येगळा नि मालकी येगळी. लोकान्ला ह्येच कळत नाय." आणि तोवर ते एवढं मोठं लोखंडी धूड पाण्यात उभं. तळाला पाणी झिरपतं ते उपसायला हवं. इंजिनाचा दांडा रोज थोडा फिरवायला हवा, नाहीतर तो जागच्या जागी धरतो. कोठारातला चहा दमट हवेने कुजू नये म्हणून झाकणं उघडी करायला हवीत. उंदीर तर विचारूच नका.

त्यातून ते जहाज या खात्याकडून त्या खात्याकडे जात राहिलं. नौदलाने कस्टमला दिलं, कस्टमने बंदराला दिलं, मग कोर्टाचा माणूस आला, मग दिल्लीच्या कुठल्याशा खात्याचा, शेवटी ते चालवायला घेणारी आपली कंपनी. दर वेळी नवा साहेब येऊन सबंध जहाजाची यादी करायचा. नांगर दोन, दुर्बीण एक, होड्या चार, घड्याळं इतकी, खुर्च्या इतक्या. साहेब बदलायचे, पण वॉचमन तोच राहायचा, म्हणून कुणा हुशार कारकुनाने यादीच्या तळाशी लिहून टाकलं होतं, 'वॉचमन, १'. नाना हे फार अभिमानाने सांगत. पाच वेळा त्यांचा स्वतःचा ताबा दिला-घेतला गेला आणि एकदाही त्यांच्यात पोचा निघाला नाही.

पितळेची गोष्ट त्यातलीच. नाना रोज सकाळी जहाजावरचं पितळ घासायचे. कुणी सांगितलं नव्हतं. एक साहेब म्हणाला, अरे, शत्रूचं जहाज आहे, कशाला एवढं चकाकवतोस. नानांनी सांगितलं, "सायेब, ह्ये कुनाचं व्हनार ते अजून ठरलेलं नाय. ज्याचं व्हईल त्याच्या हातात काळं पितळ कसं द्यायचं?" साहेबाने काय उत्तर दिलं ते मी विचारलं. नाना म्हणाले, काही नाही, चहा पाजला.

त्या जहाजावर मोफिज होता. अधिकारी लोकांना लगेच उतरवून नेलं होतं, पण काही खलाशी आणि जहाजाचा स्वयंपाकी यांना महिना-दोन महिने वरच ठेवलं होतं. कुणीतरी इंजिन ओळखणारं हवं आणि त्यांच्यासाठी कुणीतरी रांधणारं हवं. मोफिज उल्ला हा तो स्वयंपाकी, सिल्हेटकडचा, कुशियारा नावाच्या नदीकाठचा. सिल्हेट तेव्हा पूर्व पाकिस्तानात होतं. म्हणजे जहाज धरलं त्या दिवशी मोफिज शत्रू होता. पंधरवड्यात लढाई संपली, त्याचा देश नवा झाला, बांगलादेश झाला, आणि मोफिज आपला दोस्त झाला. पण त्याचा कागद धरलेल्या दिवसाचा होता. खात्याला तो बदलायचा अधिकार नव्हता, ज्याला होता तो दिल्लीत होता. रोज सकाळी चहा देताना मोफिज नानांना विचारायचा, आज मैं कौन. नाना गंभीर चेहऱ्याने खिशातून कागद काढून वाचल्यासारखं करायचे आणि सांगायचे, आज बी दुश्मनच. मग दोघे पोट धरून हसायचे आणि चहा प्यायचे. हे सांगताना सत्तरी उलटलेले नाना माझ्या दुकानात इतके हसायचे की झेरॉक्सला आलेली माणसंही हसायची, कशाला ते न कळता.

मोफिजचं एक रोप होतं. लिंबाच्या जातीचं, त्याने घरून आणलेलं, तुपाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं, आणि डबा जहाज डोललं तरी कलंडू नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला दोरीने बांधलेला. शेवटी त्या लोकांना न्यायला ट्रक आला तेव्हा माणशी एक पिशवी नेता येईल असा हुकूम होता. रोप नेता येणार नाही, कारण ते जहाजावर उभं आहे, म्हणजे ते जहाजाचं. मोफिजने बराच वाद घातला. मग नानांना म्हणाला, मैं आएगा लेने, तब तक तुम रखेगा? नाना म्हणाले, तुमी येईपर्यंत ठेवतो. एवढंच बोलणं झालं. ट्रक गेला.

पुढे कोर्टाचा निकाल लागला, जहाज सरकारचं झालं, कंपनीने ते चालवायला घेतलं. जुन्या नावावर रंग मारून नवं नाव लिहिलं गेलं. कंपनीचा साहेब यादी घेऊन फिरला आणि रोपापाशी थांबला. यादीत नाही ते खाली उतरवा, म्हणाला. नानांनी डबा खांद्यावर घेतला आणि गोदीच्या गेटवर आले. गेटवरच्या कारकुनाने विचारलं, रोप कुणाचं. नाना म्हणाले, भंडाऱ्याचं. कारकुनाने गेटपासवर लिहिलं, 'भंडारी यांचे रोप, एक, डब्यासह. तात्पुरता ताबा, वॉचमन सोनावळे.' तो गेटपास मी स्वतः लॅमिनेट करून दिलाय. शिक्का पुसट झालाय, अक्षर अजून स्वच्छ आहे.

रोप लोधिवलीला आलं, अंगणाच्या कडेला रुजलं, मोठं काटेरी झाड झालं. नानांनी त्याला जन्मात आपलं म्हटलं नाही. कुणी "नाना, तुमच्या झाडाला" असं सुरू केलं की लगेच, "माझं नाय, भंडाऱ्याचं." त्यांची बायको, सखूबाई, मला एकदा म्हणाल्या होत्या, ह्या झाडाला पाहुण्यासारखं वागवतात आनि मला घरच्यासारखं, त्यापरीस मला बी डब्यात घालून आनलं असतं तर बरं झालं असतं. फळ मोठं, हिरवं, वास असा की हाताला दुसऱ्या दिवसापर्यंत राहावा. पण कापलं की आत काही नाही. बोटभर जाड साल आणि मधे मूठभर गर, तोही चिवट. गावातल्या बायकांनी सरबत करून पाहिलं, लोणचं करून पाहिलं, सालं उकिरड्यावर टाकली आणि झाडाचा नाद सोडला. नाना दर वर्षी गर पिळून एक पेला सरबत करायचे आणि तोंड वेडंवाकडं न करता प्यायचे.

नाना माझ्याकडे पहिल्यांदा आले ते याच झाडासाठी, मालकाचा पत्ता मिळावा असा अर्ज टाइप करून घ्यायला. मी केला. विषय: श्री. भंडारी यांचा पत्ता मिळणेबाबत. संदर्भ: गेटपास. मुंबईतल्या एका खात्याकडे पाठवला. त्यांनी दुसऱ्या खात्याकडे पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मग पुन्हा अर्ज. अशी बरीच वर्षं आमचं चाललं होतं आणि खरं सांगायचं तर मी ते म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा समजून करत होते.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीची माणसं आली आणि झाडांच्या बुंध्यांवर तांबडे पट्टे मारून गेली. पावसाळा संपला की पट्ट्याची झाडं पाडणार. अंगणाच्या कडेचं ते झाड पट्ट्यात आलं. त्या दिवशी नाना दुकानात आले ते जय भीम म्हणाले नाहीत, विजेचंही विचारलं नाही. बाकावर बसून राहिले. मी पाणी दिलं.

"बाय, मी त्याला शब्द दिलाय," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पलीकडे ऐकू गेला नाही. "माझ्या ताब्यात असताना झाड तुटलं नि मालकाला ठावकी बी नाय. त्याला काय सांगू मी?"

मी आणखी एक अर्ज टाइप केला, या वेळी 'अत्यंत तातडीचे' असं वर ठळक लिहून.

आणि काय आश्चर्य, उत्तर आलं. संबंधित भंडारी यांचा शोध लागला असून ते लवकरच समक्ष भेटतील. नाना ते पत्र घेऊन गावभर फिरले. ताबा देताना साक्षीदार आणि लिहिणारं माणूस हवं म्हणून मला रविवारी लोधिवलीला बोलावलं. मी गेले. सुनेने, वैशालीने, अंगण सारवलं होतं, खुर्च्या मांडल्या होत्या. अकराच्या सुमारास अलिबागकडच्या किनाऱ्यावरून एक गृहस्थ आले. गोरे, गुबगुबीत, हसरे, हातात घरच्या कोकमांची पिशवी. त्यांचं सगळं गावच भंडाऱ्यांचं, आणि कचेरीतून कुणीतरी निरोप दिला की तुमच्यापैकी कुणाचं तरी झाड लोधिवलीला सरकारी ताब्यात आहे. त्यांना वाटलं, आजोबांनी कधीकाळी ठेवलेली एखादी वाडीच हाती लागतेय.

नानांनी त्यांना नीट न्याहाळलं. हा मोफिज असता तर नव्वदीच्या घरातला असता, हा तर पन्नाशीचा. मुलगा असेल म्हणून त्यांनी विचारलं, "तुमी भंडारी का?"

"हो तर. पिढ्यान्‌पिढ्या."

नाना चमकले. "पिढ्यान्‌पिढ्या? घरातले समदे?"

"सगळं घराणंच."

"बोटीवर?"

"बोटी आहेत ना आमच्या, दोन."

नाना खूश झाले. मग त्यांनी शेवटची खात्री करून घेण्यासाठी विचारलं, की घरी रांधतं कोण. पाहुणे म्हणाले, रांधणार कोण, बायका रांधतात, आम्हाला तर चहासुद्धा येत नाही. नानांचा चेहरा पडला. बायका रांधतात तर तुमी भंडारी कसले, असं ते तोंडावर म्हणाले. पाहुणे खुर्चीतून उठले. आमच्या कुळावर कसं काय बोलता, वगैरे आवाज चढायला लागले. मी वही हातात घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

"नाना," मी म्हटलं, "भंडारी म्हणजे काय?"

"म्हंजे काय म्हंजे? बोटीवर रांधतो तो भंडारी. लहान पोरालाबी ठावं हाय."

गोदीतल्या लहान पोराला ठाऊक असेल. मी खालापूरची. मी इतकी वर्षं ते मोफिजचं आडनाव समजून 'श्री. भंडारी' टाइप करत होते, गेटवरच्या कारकुनाने तसंच लिहिलं होतं, चार खाती या आडनावाचा माणूस शोधत किनाऱ्यावर जाऊन पोचली होती, आणि नानांच्या स्वप्नातही आलं नव्हतं की कुणाला याचा अर्थ कळत नसेल. मी डोक्याला हात लावला आणि सांगून टाकलं. मग पाहुणेच आधी हसले. "म्हणजे मी आचाऱ्याच्या झाडावर हक्क सांगायला एवढ्या लांब आलो?" असं म्हणून ते जे हसायला लागले ते नाना, वैशाली, मी, कुंपणाशी उभे शेजारी, सगळ्यांना घेऊनच. जेवून गेले. कोकमं ठेवून गेले. अजूनही दर वर्षी पाठवतात.

पण त्यांना वाटेला लावून परत आल्यावर नाना झाडाखाली उभे राहिले. म्हणजे इतकी वर्षं सरकार आडनाव शोधत होतं, एवढंच म्हणाले. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. माणसाचं नाव मोफिज उल्ला, हे त्यांनी मला पन्नास वेळा गप्पांत सांगितलं होतं. एकदाही अर्जात घालावं असं मला वाटलं नव्हतं, कारण गेटपासवर नव्हतं.

मी त्या झाडाचे आणि कापलेल्या फळाचे फोटो काढले. फोनवर परसबागेचे एक-दोन समूह आहेत, जगभरचे हौशी लोक असतात त्यांत. तिथे टाकून विचारलं, हे कसलं लिंबू. चहा पिऊन होईपर्यंत बंगालीत उत्तरांची रांग लागली. सातकरा. सातकरा. तुम्हाला कुठे मिळाला, आमच्या सिल्हेटशिवाय हा होत नाही. मग मी सगळी हकीकत लिहिली, मोडक्यातोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत. जहाज, मोफिज उल्ला, स्वयंपाकी, कुशियारा नदी, तुपाचा डबा. लोकांनी ती इकडून तिकडे पाठवली. पावसाळा सुरू व्हायच्या आत एका मुलीचा निरोप आला, की माझ्या आईचे वडील जहाजावर स्वयंपाकी होते आणि त्यांना भारतात धरून ठेवलं होतं. आईला तुमच्याशी बोलायचं आहे.

दुपारी दुकान जेवायला बंद असतं तेव्हा व्हिडिओ कॉल ठरवला. नाना नवा शर्ट घालून, फाइल घेऊन, अर्धा तास आधी आले. पलीकडे रोकेया नावाच्या साठीच्या बाई, डोक्यावर पदर, मागे दारात सगळं घर गोळा झालेलं. हिंदी त्या टीव्हीवरून शिकलेल्या. मी नानांना बसा म्हटलं, पण ते बसले नाहीत. उभे राहूनच बोलले, साहेबापुढे उभं राहावं तसे. रोप एक, ताब्यात घेतलं तेव्हा गुडघ्याएवढं. डबा गंजून गेला, तो देता येणार नाही, माफी असावी. झाड जिवंत आहे, फळ धरतं. मालक कुठे आहेत?

रोकेयाबाईंनी सांगितलं की अब्बा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आपल्या घरात, आपल्या माणसांत गेले.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "येनार व्हते," ते म्हणाले.

"अब्बा सबको बोलते थे," त्या म्हणाल्या, "हमारा एक पेड बॉम्बे में सरकार के पास है, एक सोनावले उसको देखता है. हम लोग समझते थे, बुढ्ढा झूठ बोलता है."

मग त्याही रडल्या आणि हसल्याही, आणि मागे दारातली मंडळी एकमेकांना तेच पुन्हा सांगायला लागली. मी इकडे झेरॉक्सच्या मशीनकडे तोंड करून डोळे पुसत होते. एक माणूस मरेपर्यंत तिकडे खरं सांगत होता आणि एक माणूस पन्नास वर्षं इकडे ते खरं ठेवत होता, आणि दोघांनाही वेड्यात काढलं गेलं, इकडच्याला वेड्यात काढणाऱ्यांत मी होते.

जरा सावरल्यावर रोकेयाबाईंनी विचारलं, फळाचं काय करता. नानांनी सांगितलं, पिळून सरबत करतो, पण रस काही निघत नाही. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. सालीचं काय करता? टाकतो. हे ऐकल्यावर तिकडे जो हशा उठला त्याने माझ्या फोनचा स्पीकर फाटतो की काय असं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे एक फळ आणवलं, कापलं, मधला गर काढून बाजूला टाकून दिला आणि सालीच्या फोडी कॅमेऱ्यापुढे धरल्या. खायची ती साल. मटणात, माशात शिजवायची.

"म्हंजे पन्नास वर्सं," नाना सावकाश म्हणाले, "आमी खायचं टाकलं आनि टाकायचं खाल्लं."

तरीही ताबा दिल्याचं तोंडी चालणार नव्हतं. लेखी हवं, असं त्यांनी अगदी अदबीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बंगालीतल्या चिठ्ठीचा फोटो आला, त्याखाली मुलीने अर्थ लिहिला होता. 'वडिलांचं झाड मिळालं. जिवंत मिळालं.' मी ते छापून दिलं. नाना कितीतरी वेळ कागद धरून बसले आणि मग मला म्हणाले, आता फोन लाव, मालकिणीला विचारायचं आहे की झाड रस्त्यात जाणार, तर काय करू. रोकेयाबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, जितनी डाली, उतने घर.

तो सबंध पावसाळा नानांनी गुटी कलमं बांधण्यात घालवला. फांदीची साल बोटभर सोलायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, प्लास्टिकने बांधायचं, मुळं फुटली की कापून पिशवीत लावायचं. शेजारीपाजारी शिकले, कलमं लोधिवलीत, चौकला, माझ्या माहेरी पळसदरीला, कोकमवाल्या भंडाऱ्यांच्या वाडीत जाऊन पोचली. वैशालीने सालीच्या फोडी घालून मटण केलं, तेव्हा अंगणात पंगतच बसली. आंबट, कडवट आणि असा काही वास की माणसं रस्सा संपल्यावर बोटं हुंगत बसली. नाना मधल्या ओळीत बसून सगळ्यांना सांगत होते की मालकिणीच्या हुकमाने चाललंय सगळं.

नाना त्याच हिवाळ्यात गेले, झोपेतच. पण माझ्या डोळ्यांपुढे ते शेवटचे आहेत ते पावसाळा संपल्यानंतरच्या एका सकाळचे. झाड पाडायचा दिवस होता. सगळी कलमं घरोघर गेलेली, झाड छाटून छाटून बोडकं झालेलं, बुंधा आणि वर थोडी पानं. जेसीबी अंगणाच्या कडेला येऊन घरघरत उभा होता. आम्ही पाच-सहा जण लांब उभे होतो. नाना नळावरून पाण्याची भरलेली बादली घेऊन आले, वाकले आणि बुंध्याशी हळूहळू पाणी ओतायला लागले.

जेसीबीचा ड्रायव्हर वरून ओरडला, "आजोबा, आता पाडायचंच हाय. पानी कशाला?"

नानांनी हात थांबवला नाही.

"अजून हाय ना रं ते," ते म्हणाले.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. नाना दुसरी बादली भरायला नळाकडे गेले आणि आम्ही सगळे थांबलो.